शेतकरी उत्पादक कंपनीतील डिजिटल व्यवस्था: आणलेले तंत्रज्ञान वापरात का येत नाही?

शेतकरी उत्पादक कंपनी, विकास सोसायटी किंवा दूध संस्थेत संगणक, ॲप, इलेक्ट्रॉनिक काटा आणणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. अवघड आहे ते दुसऱ्या हंगामातही वापरात ठेवणे. नवे तंत्रज्ञान माणसांत आणि संस्थांत कसे रुजते यावर गेली ऐंशी वर्षे संशोधन सुरू आहे. या संशोधनाची सुरुवात कारखान्यात नव्हे, तर मक्याच्या शेतात झाली. त्यातले संचालक, सीईओ, गटसचिव आणि कृषी सहायक यांना प्रत्यक्ष कामी येईल एवढे येथे दिले आहे.

सुरुवात संकरित मक्यापासून

ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या ग्रामीण समाजशास्त्रज्ञांनी १९४३ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या २५९ शेतकऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे १९२८ च्या सुमारास संकरित मक्याचे बियाणे आले आणि १९४१ पर्यंत यातले दोघे सोडून सगळ्यांनी ते स्वीकारले. आज आपल्याला वाटते की जास्त उत्पादन देणारे वाण एक-दोन वर्षांत पसरले असेल. प्रत्यक्षात बियाण्याची माहिती कळणे आणि ते स्वतःच्या शेतात पेरणे यांत बहुतेकांची काही वर्षे गेली. बियाण्याची पहिली माहिती बहुतेकांना विक्रेत्याकडून मिळाली, पण पेरायचे ठरवले ते शेजाऱ्याचे शेत पाहून. आणि पेरले तेही आधी थोड्याच क्षेत्रावर.

पुढे या विषयावर सर्वांत जास्त वाचले गेलेले पुस्तक लिहिणारे एव्हरेट रॉजर्स हे आयोवातल्याच शेतकरी कुटुंबातले. त्यांच्या वडिलांनी संकरित मका नाकारला होता. १९३६ च्या दुष्काळात शेजाऱ्याचा संकरित मका तग धरून राहिला, यांचा वाळून गेला. रॉजर्स यांनी १९६२ च्या पुस्तकात नव्या गोष्टीच्या स्वीकारावर परिणाम करणारे पाच गुण सांगितले: आधीपेक्षा फायदा किती, चालू पद्धतीशी मेळ किती, गुंतागुंत किती, थोड्यावर करून पाहता येते का आणि परिणाम दुसऱ्याला डोळ्यांनी दिसतो का.

ठिबक या पाचांपैकी बहुतेक कसोट्यांना उतरते. एका एकरावर करून बघता येते, बांधावरून जाणाऱ्यालाही फरक दिसतो. कंपनीचे हिशेबाचे सॉफ्टवेअर मात्र एका एकरावर करून बघता येत नाही. काट्यावरच्या माणसापासून लेखापालापर्यंत सगळ्यांनी एकाच वेळी बदलावे लागते, आणि फायदा दिसतो तो वर्षअखेरीला, लेखापरीक्षणाच्या वेळी. म्हणूनच एका शेतकऱ्याने नवे वाण घेणे आणि एका संस्थेने नवी व्यवस्था घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सोपे असणे पुरेसे नाही

ॲप चालत नाही म्हटले की पहिली सूचना येते, 'ते मराठीत करा, सोपे करा'. ते करावेच. पण फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये कार्यालयातील संगणक वापरावर केलेल्या अभ्यासात 'हे माझ्या कामाला उपयोगी पडेल' ही भावना 'हे वापरायला सोपे आहे' या भावनेपेक्षा बरीच जास्त वजनदार ठरली. याचा पडताळा आपल्याकडे रोज येतो. अनुदानाचा ऑनलाइन अर्ज, आधार जोडणी, ओटीपी यांतले काहीच सोपे नसते. तरी शेतकरी दोन-दोन खेपा घालून अर्ज भरतो, कारण शेवटी खात्यावर पैसे येतात. उलट अगदी सोपे ॲपही, त्यातून काही हाती लागत नसेल तर, महिन्याभरात मोबाईलमधून काढून टाकले जाते.

विश्वनाथ वेंकटेश आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये आधीच्या आठ सिद्धांतांची एकत्र मांडणी केली. त्यातला एक मुद्दा संस्थांनी लक्षात ठेवावा. वरून सक्ती असेल तिथे 'साहेबांना काय वाटेल' याचा प्रभाव पडतो, पण तो सुरुवातीच्या काळात. सवय होत गेली की तो ओसरतो. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली तेव्हा देशभरातील ६३,००० संस्था आणि २,५१६ कोटी रुपये असा तिचा आवाका होता. एवढ्या मोठ्या कामाला आदेश लागतोच. पण गटसचिव रोजच्या रोज नोंद करतो की महिनाअखेरीला रोजमेळावरून एकदम भरतो, हे आदेशाने ठरत नाही. दुसऱ्या प्रकारात संगणक असतो, नोंदीही असतात, पण पीककर्जाची आजची बाकी सभासदाला आज सांगता येत नाही.

फायदा एकाचा, त्रास दुसऱ्याचा

या विषयातला आमच्या मते सर्वांत उपयोगी अभ्यास शेतीतला नाही, फुटबॉलचा आहे. पाकिस्तानातील सियालकोट हे हाताने शिवलेल्या फुटबॉलचे जगातले मोठे केंद्र. तिथे कृत्रिम चामड्याच्या पत्र्यातून साच्याने पंचकोनी आणि षट्कोनी तुकडे कापतात. डेव्हिड ॲटकिन, अझम चौधरी, शमायला चौधरी, अमित खंडेलवाल आणि एरिक व्हर्हूगन या संशोधकांनी पंचकोनांची मांडणी बदलणारा नवा साचा तयार केला. त्याने कच्चा माल वाया जाण्याचे प्रमाण कमी होत होते. निवडक कारखान्यांना तो फुकट दिला आणि कसा वापरायचा तेही दाखवले. साचा स्वस्त, फायदा कागदावर स्पष्ट. तरी सव्वा वर्षानंतरही फारच थोड्या कारखान्यांत तो वापरात होता.

कारण पगाराच्या पद्धतीत सापडले. बहुतेक कारखान्यांत कापणाऱ्या कारागिराला नगावर मजुरी होती. नव्या साच्याने सुरुवातीला हात मंदावतो, म्हणजे त्याची दिवसाची कमाई घटते. वाचलेल्या मालाचा पैसा मात्र मालकाच्या खिशात जातो. मग कारागीर मालकाला सांगत, 'हा साचा नीट चालत नाही', आणि मालक त्यावर विश्वास ठेवत. संशोधकांनी पुढे काही कारखान्यांत एक लहानसा बदल केला. नवा साचा वापरता येतो हे दाखवणाऱ्या कारागिराला साधारण एका महिन्याच्या कमाईएवढी रक्कम एकदाच दिली. तिथे वापर लक्षणीय वाढला. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला.

आता हेच आपल्या खरेदी केंद्रावर लावून बघा. समजा, तुमच्या कंपनीचे ४०० सभासद आहेत आणि हंगामात सोयाबीनची खरेदी होते. ओलावा आणि वजन थेट मोबाईलमध्ये नोंदवायचे आणि सभासदाला लगेच संदेश जायचा, अशी व्यवस्था आणली. फायदा सभासदाचा आहे, कारण घट किती धरली हे त्याला तिथेच कळते. सीईओचा आहे, कारण गोदामात किती माल आहे हे घरबसल्या दिसते. पण काट्यावरच्या माणसाला प्रत्येक नोंदीला एखादे मिनिट जास्त लागते आणि मागे ट्रॅक्टरची रांग उभी असते. हमालाला कट्ट्यावर मजुरी आहे. तो जितका वेळ थांबला तितकी त्याची मजुरी बुडाली. आणि वजनात, घटीत थोडे इकडेतिकडे करण्याची ज्याला सवय असेल, त्याला तर नोंदच नको असते.

आठवड्यात तक्रारी येऊ लागतात. रेंज मिळत नाही, ॲप अडकते, आज गर्दी होती म्हणून वहीत लिहिले. यातल्या काही तक्रारी खऱ्या असतात, त्या सोडवाव्यात. पण तक्रार करणाऱ्याचे या व्यवस्थेत काय जाते, हे संचालकांनी आधी पाहावे. पहिल्या पंधरवड्यात हमालीचा दर थोडा वाढवून देणे, नोंदीसाठी हंगामापुरता वेगळा मुलगा किंवा मुलगी ठेवणे, काट्यावरच्या कर्मचाऱ्याला नीट नोंदींसाठी एकदाच ठरावीक रक्कम देणे हे खर्च सॉफ्टवेअरच्या किमतीपुढे किरकोळ आहेत. तरीही अंदाजपत्रकात त्यांना जागा नसते. प्रशिक्षणाला असते, चहापाण्यासकट.

शिकलेल्या माणसांच्या संस्थेतही हेच घडते. वांडा ऑर्लिकोव्स्की यांनी १९९२ मध्ये एका मोठ्या सल्लागार कंपनीचा अभ्यास मांडला. माहिती एकमेकांना देता यावी म्हणून तिथे 'लोटस नोट्स' हे सॉफ्टवेअर बसवले होते. पण बढती ज्याच्या-त्याच्या कामगिरीवर होती आणि सॉफ्टवेअर शिकण्यात गेलेला वेळ ग्राहकाच्या बिलात लावता येत नव्हता. त्यामुळे लोकांनी ते मुख्यतः स्वतःपुरते वापरले.

वारणेचा अनुभव

महाराष्ट्रात या प्रश्नाचा सर्वांत बोलका दाखला वारणानगरचा आहे. १९९८ मध्ये वारणा सहकारी समूह, राज्य शासन आणि नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटर यांनी कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू केला. गावोगावी संगणक केंद्रे उभी करायची; त्यावर बाजारभाव, पीकसल्ला, शिक्षण, इंटरनेट सगळे मिळेल अशी कल्पना होती. त्या काळात देशभर त्याचे कौतुक झाले.

काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाचे राजेश वीरराघवन, केंतारो तोयामा आणि सहकारी यांनी तिथला वापर पाहिला. केंद्रे चालू होती, पण मुख्य वापर एकाच गोष्टीचा होता: कारखान्याशी असलेला उसाचा व्यवहार. माझ्या उसाचे टनेज किती भरले, तोडणीचे काय, खताची उचल किती. बाजारभाव आणि इंटरनेट बाजूला पडले होते. एवढ्या कामासाठी गावात संगणक, वीज आणि दुरुस्ती सांभाळायची का, असा प्रश्न त्यांनी विचारला आणि सात गावांत आठ महिने तेच काम साध्या मोबाईलवरील एसएमएसने करून पाहिले. संगणकावरची सगळी कामे त्यावर झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ते जास्त सोयीचे वाटले.

याला प्रकल्पाचे अपयश म्हणणे बरोबर नाही. सभासद दर हंगामाला जो प्रश्न स्वतःहून विचारत होता, त्या प्रश्नापुरती व्यवस्था टिकली आणि बाकीची गळून पडली. तुमच्या कंपनीत असा प्रश्न कोणता, हे सॉफ्टवेअर विक्रेता सांगू शकणार नाही. आठवडाभर कार्यालयात बसून येणारे फोन वहीत टिपा. 'माझे पेमेंट कधी', 'डीएपी आली का', 'घट किती लावली' यांपैकी ज्याच्यापुढे सर्वांत जास्त खुणा पडतील, तिथून सुरुवात करा.

माहिती पोचली, भाव का वाढला नाही?

मार्सेल फाफशाँ आणि बार्ट मिंटन यांनी महाराष्ट्रातील १०० गावांत 'रॉयटर्स मार्केट लाइट' या एसएमएस सेवेची चाचणी घेतली. काही शेतकऱ्यांना बाजारभाव, हवामान आणि पीकसल्ल्याचे संदेश वर्षभर मोफत दिले, काहींना दिले नाहीत. २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. संदेश मिळालेल्या शेतकऱ्यांनी माहितीचा वापर केल्याचे सांगितले, पण मिळालेला भाव, पावसाने होणारे नुकसान, वाण किंवा मशागतीतील बदल यांपैकी कशातही ठोस फरक आढळला नाही.

याउलट अपराजिता गोयल यांनी मध्य प्रदेशातील सोयाबीनचा अभ्यास केला (२०१०). तिथे आयटीसी कंपनीने ऑक्टोबर २००० पासून ई-चौपाल केंद्रे उघडली होती. केंद्रांवर कंपनीचा भाव दिसे आणि त्या भावाने माल थेट कंपनीच्या केंद्रावर घालता येई. ही केंद्रे आल्यावर आसपासच्या मंडयांतही सोयाबीनचे भाव साधारण एक ते तीन टक्क्यांनी वाढले.

दोन अभ्यासांची पिके, सेवा आणि काळ वेगळे आहेत, त्यामुळे सरळ तुलना करू नये. तरी एक फरक डोळ्यांत भरतो. एका ठिकाणी नुसता भाव कळत होता. दुसऱ्या ठिकाणी भावाबरोबर माल घालायला दुसरी जागा मिळत होती. ज्याची उचल आडत्याकडून घेतलेली आहे, ज्याच्याकडे माल ठेवायला जागा नाही, त्याला चार बाजारांचे भाव कळून काय करता येणार? म्हणून कंपनीने भावाचा संदेश पाठवण्याआधी गोदाम, बारदाना, वाहतूक आणि वेळेवर पेमेंट यांची सोय पाहावी.

जुनी पद्धत तशीच, वर संगणक

आर्थिक इतिहासकार पॉल डेव्हिड यांनी १९९० मध्ये कारखान्यांतील विजेचा दाखला दिला. अमेरिकेत १८८० च्या दशकात वीजकेंद्रे आली, पण कारखान्यांची उत्पादकता खरी वाढली ती १९२० च्या दशकात. आधी बहुतेकांनी वाफेचे इंजिन काढून तिथे एक मोठी मोटर बसवली आणि दांडे-पट्ट्यांची जुनी मांडणी तशीच ठेवली. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर देऊन कामाची मांडणी बदलली तेव्हा फायदा दिसला. डिझेल इंजिनाच्या जागी मोटर बसवून पाणी त्याच फुटक्या पाटाने सोडण्यासारखे हे झाले.

संस्थेत हा फुटका पाट म्हणजे दुहेरी नोंद. वहीही चालू, ॲपही चालू. पहिल्या महिन्यात हे आवश्यकच आहे, नाहीतर चूक कळणार नाही. पण तारीख ठरवून वही बंद केली नाही, तर काम दुप्पट होते आणि गर्दीच्या दिवशी ॲप मागे पडते. मग निम्म्या पावत्या इकडे, निम्म्या तिकडे. हिशेब जुळत नाही आणि अडकते ते सभासदाचे पेमेंट. एकदा पैसे अडकले की पुढच्या वर्षी तो माल परत व्यापाऱ्याकडे घालतो, आणि तो परत आणायला दोन हंगाम लागतात.

व्यवस्था आणण्यापूर्वी

'अमक्या कंपनीत आमचे सॉफ्टवेअर चालते' या शब्दावर खरेदी करू नये. स्टीफन बार्ली यांनी १९८६ मध्ये एकाच प्रकारचे सीटी स्कॅन यंत्र आलेल्या दोन रुग्णालयांचा अभ्यास मांडला होता. यंत्र तेच, पण डॉक्टर आणि तंत्रज्ञ यांच्यातील कामाची वाटणी दोन्हीकडे वेगळी झाली. त्या कंपनीत जाऊन सीईओला भेटण्याऐवजी काट्यावरच्या माणसाशी बोला. गर्दीच्या दिवशी काय करता, एवढेच विचारा.

पहिल्या हंगामात एक पीक, एक केंद्र आणि एकच काम घ्यावे. तूर खरेदीची पावती, किंवा खत विक्रीचे बिल. रॉजर्स यांची 'थोड्यावर करून पाहणे' ही अट संस्थेला लागू करण्याचा हाच एक मार्ग आहे. सुरुवात ऐन हंगामात करू नये. खरेदी सुरू होण्याआधी किमान महिनाभर निविष्ठा विक्रीवर सराव होऊ द्यावा.

संचालक मंडळाच्या ठरावात प्रत्येक नोंद कोण करणार, त्याचे किती काम वाढणार आणि त्याला काय मिळणार हे नावानिशी लिहावे. सभासदाला कागदी पावती हवी असेल तर ती द्यावी. संदेश आला तरी हातातला कागद बँकेत आणि घरात उपयोगी पडतो. पहिल्या पंधरा दिवसांत चुका निघणारच. चूक दाखवणाऱ्याला दंड लावला की चुका थांबत नाहीत, फक्त दिसेनाशा होतात.

कृषी सहायकांसाठी

आपल्याकडे प्रगतीचा आकडा बहुधा नोंदणीचा किंवा ॲप उतरवून घेतल्याचा मागितला जातो. तो कळवावा लागेल, पण त्याने वापर कळत नाही. गावभेटीत वेगळे दोन आकडे स्वतःच्या वहीत ठेवा: मागच्या महिन्यात किती जणांनी ॲप स्वतः उघडले, आणि मागच्या हंगामात वापरणाऱ्यांपैकी किती जण या हंगामातही वापरत आहेत. रायन आणि ग्रॉस यांचा मका आठवा. विक्रेत्याचे काम माहिती देण्यापुरते होते. तुम्ही शिबिरात पडद्यावर ॲप दाखवण्यापेक्षा, ज्याला घटीची नोंद दाखवून कंपनीकडून फरकाचे पैसे मिळाले असा एक सभासद त्याच गावातून उभा करा आणि बोलू द्या. त्याच्या मोबाईलवरचा तो संदेश शेजारी स्वतः मागून पाहतील.

करार करताना एक अट मात्र विसरू नये. वर्गणी बंद केली तर सभासद, खरेदी आणि थकबाकीच्या सगळ्या नोंदी कंपनीला उघडता येतील अशा स्वरूपात परत मिळाल्या पाहिजेत, आणि हे पहिल्याच महिन्यात एकदा उतरवून तपासून घ्यावे.